खाऱ्या हवेत अडकलेला कुलपाचा सिलिंडर, दार न कापता कसा काढावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गुहागरच्या किनाऱ्याजवळ. शिमगा आटोपून पुढच्या दाराला कुलूप लावलेत आणि मुंबईला गेलात. आता गणपतीआधी घर झाडायला आलात, तर मॉर्टिस लॉकमध्ये, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेल्या कुलपात, चावी बाहेरून अर्धीच जाते. मागीलदाराने आत शिरलात. आतून चावी पूर्ण जाते, पण जेमतेम फिरून अडते. गावातल्या माणसाने दार कापून कुलूप काढावे लागेल असे सांगितले. दार आजोबांच्या वेळचे, फणसाच्या लाकडाचे. ते वाचवून सिलिंडर, म्हणजे चावी जाते आणि फिरते तो कुलपाचा भाग, काढता येईल का?

येईल. करवत कोणी हातात घेतली असेल तर आधी ती बाजूला ठेवायला सांगा. किनारपट्टीवरच्या घरांची कुलपे दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. श्रावण-भाद्रपदात चाकरमानी गावाला येऊ लागले की असाच निरोप रोज कुठल्या ना कुठल्या वाडीतून येतो. त्यातली बहुतेक कुलपे मोडलेली नसतात, फक्त अडकलेली असतात. ती मोडतात ती नंतर, माणसे पक्कड घेऊन चावीवर जोर लावतात तेव्हा.

तुमच्या वर्णनावरून मला एकाच कुलपात दोन वेगळी दुखणी दिसतात. बाहेरून चावी अर्धीच जाते याचा अर्थ बाहेरच्या बाजूच्या भोकात काहीतरी बसले आहे किंवा तिथल्या पिना, म्हणजे चावीच्या दातांनी वर-खाली होणारे बारीक खिळे, जाम झाल्या आहेत. आतून चावी पूर्ण जाते आणि थोडी का होईना फिरते, म्हणजे आतली बाजू शाबूत आहे. पिना जाम असत्या तर चावी तसूभरही हलली नसती. ती हलते आणि मग अडते, म्हणजे सिलिंडर आपले काम करतो आहे. हलत नाही तो कुलपाचा बोल्ट. तो चौकटीच्या खाचेत दाबला गेला आहे आणि त्याला दाबणारे आहे पावसात फुगलेले दार. इथे सिलिंडर उपटून काढलात तरी बोल्ट तसाच राहील आणि दार बंदच राहील. म्हणून आधी दार उघडायचे, सिलिंडर नंतर.

आणखी एक कारण आहे. सिलिंडर ज्या एकाच स्क्रूने धरलेला असतो, तो दाराच्या कडेवरच्या पट्टीत, बोल्टच्या खालच्या अंगाला असतो. दार बंद असताना ती कड चौकटीला भिडलेली असते, तिथे स्क्रूड्रायव्हर पोचत नाही. त्यामुळे दार उघडे असेल तर चावी फिरणाऱ्या सिलिंडरचे काम दहा-पंधरा मिनिटांचे आणि बंद असेल तर अर्ध्या दिवसाचे.

लाकूड पावसात रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बंद घरात चूल पेटत नाही, खिडकी उघडत नाही, त्यामुळे त्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळत नाही. दार फुगून चौकटीला घासते, वजनाने बिजागऱ्यांकडून किंचित खाली लटकते आणि बोल्ट खाचेच्या कडेवर टेकतो. हा भार काढला की चावी सहसा फिरते.

त्यासाठी दोन माणसे हवीत. एकाने आतून चावी घालून हलका ताण ठेवायचा, जोर करायचा नाही. दुसऱ्याने दाराचे हँडल धरून दार आधी स्वतःकडे ओढायचे, मग गुडघ्याने किंवा खांद्याने बाहेर दाबायचे, मग वर उचलायचे. या तीनपैकी एका स्थितीत बोल्ट मोकळा होतो आणि चावी धरणाऱ्याला ते हाताला लगेच कळते. उचलूनही होत नसेल तर दाराखाली लाकडी पाचर ठोकून दार तीन-चार मिमी वर घ्या. बाजूने दाब असेल तर कुलपाच्या वर आणि खाली, चौकट आणि दार यांच्या फटीत कापड गुंडाळलेली पातळ पहार घालून किंचित रेटा. बहुतेक मॉर्टिस कुलपांत चावीचे दोन फेरे असतात. पहिला फेरा पडला आणि पुन्हा अडले तर घाबरू नका, तीच कृती परत करा.

दार दोन झडपांचे असेल तर आणखी सोपी वाट आहे आणि ती लोकांना सुचतच नाही. कुलूप एका झडपेत असते, बोल्ट दुसऱ्या झडपेत शिरतो आणि ती दुसरी झडप वर-खाली कड्यांनी अडकवलेली असते. आतून त्या दोन्ही कड्या काढा आणि दोन्ही झडपा एकदम आत ओढा. बोल्ट बाहेर आलेल्या स्थितीतच दार उघडते. एका झडपेचे दार आत उघडणारे असेल तर बिजागऱ्यांच्या नळ्या आतून दिसतात. पिना निघणाऱ्या असतील तर खालून वर ठोकून काढा आणि दार बिजागरीच्या बाजूने सोडवा. खालची पिन आधी, वरची शेवटी, आणि त्या वेळी दार धरायला माणूस हवाच. फणसाचे जुने दार चांगले वजनदार असते.

आता बाहेरची बाजू. चावी अर्धी जाऊन थांबते याची आपल्याकडे तीन कारणे: माती, मीठ आणि तेल.

मातीचे कारण म्हणजे कुंभारमाशी. घर महिनोन्‌महिने बंद असले की तिला चावीचे भोक तयार घरट्यासारखे मिळते. ती ओल्या मातीने ते बुजवते. आपल्याकडची जांभ्याची लाल माती वाळली की चांगलीच घट्ट बसते. भोकात टॉर्च मारून पाहा. लालसर बूच दिसले तर पाणी, तेल, स्प्रे काहीही घालू नका. ओली झालेली माती चिखल होऊन पिनांत आणि स्प्रिंगांत उतरते. आधी कोरडीच काढायची: जाड टाचणीने किंवा सरळ केलेल्या सेफ्टी पिनेने थोडी थोडी खरवडायची, मध्ये मध्ये सायकलच्या पंपाने हवा मारायची. मॉर्टिस लॉकच्या सिलिंडरमध्ये पिना आणि स्प्रिंगा खालच्या फुगीर भागात असतात, त्यामुळे कचरा खालीच बसतो. म्हणून टाचणी भोकाच्या वरच्या कडेने आत न्या आणि बाहेर ओढा, आत ढकलू नका.

मीठ हे आपल्या किनाऱ्याचे खरे दुखणे. लाटा फुटतात तिथून उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि त्यांतले मीठ पितळेवर बसते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेच कुलपाच्या आत घडते. उघडीप आली की ते पाणी उडते आणि मिठाचे स्फटिक पिनांच्या भोवती पुन्हा जमतात. असे अनेकदा झाले की पितळ हिरवे पडते, पिना आपल्या भोकात चिकटतात आणि लोखंडी भाग तर गंजून फुगतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो.

लोक अशा कुलपात तेल सोडतात. मीठ तेलात विरघळत नाही. ते पाण्यात विरघळते. त्यामुळे समुद्राजवळचे कुलूप आधी गोड्या पाण्याने धुवायचे असते आणि ही गोष्ट मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ऐकणाऱ्याला ती उलटी वाटते. औषधाच्या दुकानातून सिरिंज आणा, सुई काढून टाका, कोमट पाणी भरा आणि चावीच्या भोकात हळूहळू सोडा. खाली फडके धरा. पाणी पिण्याचे घ्या. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि अशा पाण्याने धुणे म्हणजे मीठच घालणे. चार-पाच वेळा थोडे थोडे पाणी सोडून, दर वेळी चावी जाईल तेवढी आत-बाहेर करा. फिरवू नका, फक्त आत-बाहेर. दर खेपेला चावी एखाद्या पिनेपुरती पुढे सरकते. ती सरकू लागली की निम्मे काम झाले.

मग वाळवणे. पंपाने हवा मारा, केस वाळवायचा ड्रायर असेल तर तो लावा आणि त्यानंतर डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारा. त्याच्या नावातली पहिली दोन अक्षरे ‘पाणी हटवणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत आणि १९५३ मध्ये तो बनवला गेला तो धातूवरची ओल हटवून गंज रोखायलाच. इथे तो अगदी योग्य. पण तो कायमचे वंगण नाही, उडून जातो आणि मागे पातळ थर राहतो. शेवटी टेफ्लॉनचा, म्हणजे पीटीएफईचा, कोरडा स्प्रे मारायचा. तो न मिळाल्यास शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चावीला लावून चालेल, पण एकच थेंब.

खोबरेल नको. कोकणात घराघरात ते हाताशी असते, म्हणून पहिले तेच सोडले जाते. २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजते. शिवाय त्याला धूळ धरते, मुंग्या लागतात आणि जुने झाले की ते चिकट होते. खोबरेल घालून घालून बसलेले कुलूप मिठाने बसलेल्या कुलपापेक्षा मला जास्त वेळ खाते. तसे झाले असेल तर पाण्याचा उपयोग नाही. स्प्रे मारून, चावी आत-बाहेर करून, चावीला लागलेला काळा मळ फडक्याने पुसत राहायचे. पेन्सिलीची भुकटी घालण्याचा सल्ला देशावर ठीक आहे. समुद्राजवळ मी तो देत नाही, कारण ग्रॅफाइट आणि धातू खाऱ्या ओलीत एकत्र आले की धातू लवकर खातो. चिंच, आगळ, लिंबू हे समईसाठी ठेवा. आंबट रस पितळेवरचा हिरवा थर काढतो खरा, पण सिलिंडरच्या आतून तो पूर्ण धुऊन निघत नाही.

चावी भोकातच मोडली असेल तर तिच्यावर फेविक्विक लावून दुसरा तुकडा चिकटवायचा उद्योग करू नका. गोंद पिनांत गेला की सिलिंडर संपला. जिगसॉचे किंवा बारीक कामाच्या करवतीचे अगदी पातळ पाते घ्या, दातांचे आकडे बाहेरच्या बाजूला येतील असे धरा, चावीच्या दातांच्या बाजूने आत सरकवा, किंचित तिरके करून तुकड्यात अडकवा आणि ओढा. त्याआधी स्प्रे मारा आणि भोक मूळ स्थितीत, उभे आहे का ते बघा. ते थोडे फिरलेले असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उभे करून घ्या, नाहीतर पिना तुकड्याला सोडत नाहीत.

दार उघडले, बाहेरचे भोक साफ झाले, चावी दोन्हीकडून नीट चालू लागली, तर सिलिंडर काढायची गरज उरली आहे का ते ठरवा. चावी लोण्यासारखी फिरत असेल तर राहू द्या. मध्येच अडखळत असेल, भोकाच्या कडेने हिरवा-पांढरा चुरा येत असेल, किंवा चावी कधी लागते कधी लागत नाही असे होत असेल तर आत्ताच बदला. ऐन गणपतीत ते बंद पडले तर माणूस मिळणार नाही.

काढायची रीत अशी. दार उघडे ठेवून दोन्ही बाजूंच्या हँडलच्या लांब पट्ट्या सोडवा. पुष्कळदा सिलिंडर या पट्ट्यांच्या रंगात आणि गंजातच अडकलेला असतो. मग दाराच्या कडेला, सिलिंडरच्या अगदी समोर येणारा लांब स्क्रू पूर्ण काढा. तो सहसा ५ मिमी जाडीचा आणि चांगला बोटभर लांब असतो. तो निघाला म्हणजे सिलिंडर लगेच निघेल असे नाही. सिलिंडरच्या मध्यावर एक फिरणारी जीभ असते, तीच बोल्टला ढकलते. चावी काढलेल्या स्थितीत ही जीभ एका बाजूला बाहेर डोकावते, कोणी सिलिंडर ओढून काढू नये म्हणून. चावी आत घाला, घड्याळाच्या काट्याच्या हिशेबाने ११ आणि १ च्या दरम्यान सावकाश फिरवत राहा आणि त्याच वेळी चावीने सिलिंडर आपल्याकडे ओढा. जीभ सिलिंडरच्या आकारात लपली की तो सरळ बाहेर येतो. नेमकी जागा प्रत्येक कुलपात थोडी वेगळी, ती हातालाच सापडते. हलत असूनही अडत असेल तर उलट बाजूने लाकडी मुठीने हलके ठोका, मग इकडून ठोका. पुढे-मागे केल्याने गंजाची पकड सुटते.

एका बाजूचा गाभा, म्हणजे चावीबरोबर फिरणारा गोल भाग, पूर्ण जाम असेल तर जीभ दुसऱ्या बाजूच्या चावीने फिरवता येते. अट एवढीच की जाम बाजूच्या भोकात चावी किंवा मोडका तुकडा पूर्ण आत गेलेला नसावा, कारण साध्या सिलिंडरमध्ये एका बाजूची चावी आत असली की दुसरी बाजू जिभेपासून सुटते. तुमच्या बाबतीत आतली चावी चालते आहे, तेव्हा ही अडचण येऊ नये.

आता गंजलेला स्क्रू, कारण पुष्कळांचे घोडे इथेच अडते. सिलिंडर पितळेचा आणि स्क्रू लोखंडाचा. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की त्यांतला कमी दर्जाचा, म्हणजे लोखंड, आधी खाल्ला जातो. म्हणून सिलिंडर धड आणि स्क्रू गंजून एकजीव, असे दृश्य दिसते. घाई केली तर डोके घासते आणि मग काम तिप्पट होते. पट्टीच्या भोकातून आणि चावीच्या भोकातून गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा मारा. स्क्रूच्या खाचेतला रंग आणि गंज टोकदार खिळ्याने खरवडून काढा. खाचेत अगदी घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, थोडासुद्धा सैल नको. त्याच्या मुठीवर हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या. मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवा, नंतर सैल करायच्या. पाव फेरा सुटला की परत स्प्रे, परत पुढे-मागे. एकदम ओढून काढायला गेलात तर तो मधेच तुटतो.

डोके घासलेच, तर त्यात छिद्र पाडून उलट्या आट्यांचा स्क्रू एक्स्ट्रॅक्टर लावता येतो. तोही चालला नाही तर सिलिंडरचा बळी द्यायचा. मध्यावर, जिथे जिभेची खाच आणि स्क्रूचे भोक एकत्र येते, तिथे सिलिंडरचे पितळ फार पातळ असते. दार उघडे असताना बाहेर आलेले टोक पाना लावून डावी-उजवीकडे हलवले की तो तिथे तुटतो आणि दोन्ही अर्धे दोन बाजूंनी निघतात. दार, चौकट, कुलपाची पेटी, सगळे शाबूत राहते. हीच पातळ जागा चोरांनाही ठाऊक असते. म्हणूनच सिलिंडर पट्टीच्या बाहेर दोन-तीन मिमीपेक्षा जास्त डोकावता कामा नये.

बाहेरच उभे आहात, मागीलदारही आतून लावलेले आहे आणि चावी फिरतच नाही, अशा वेळी शेवटचा उपाय ड्रिलचा. तुम्हाला तो लागणार नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागेल. घर स्वतःचे असले तरी शेजारी किंवा वाडीतले जाणते माणूस सोबत उभे करा. बंद घराच्या दारावर ड्रिलचा आवाज ऐकून गाव गोळा होतो आणि ते योग्यच आहे. डोळ्यांवर चष्मा, पितळेचे कण फार बारीक उडतात. चावीच्या भोकाच्या लगेच खाली, फिरणारा गोल गाभा आणि बाहेरचे पितळ यांच्या सांध्यावर खूण करा, आधी ३ मिमीचे आणि मग ६ मिमीचे भोक सरळ आत न्या. पिना एकेक करून कापल्या जातात, मशीनला तसे पाच-सहा धक्के कळतात. मग सपाट स्क्रूड्रायव्हर गाभ्यात घालून चावीसारखा फिरवा. मशीन कमी वेगाने चालवा आणि मध्ये मध्ये थांबा. टोक सरकत असेल, पितळाऐवजी चकचकीत पोलाद लागत असेल तर त्या सिलिंडरमध्ये ड्रिलविरोधी पिना आहेत. तिथे थांबा आणि हे काम रोज करणाऱ्याला बोलवा. बऱ्याचदा तो ड्रिल न करताही उघडतो.

नाइट लॅच, म्हणजे दाराच्या आतल्या अंगावर पेटी बसवलेले कुलूप, असेल तर गोष्ट निराळी. त्याचा सिलिंडर गोल, बाहेरून कडीसारखी रिंग आणि आतून दोन लांब स्क्रूंनी ओढून धरलेला. आतली पेटी सोडवली, तिच्या मागच्या पत्र्यातले दोन स्क्रू काढले की सिलिंडर बाहेरच्या बाजूने हातात येतो. एकाला बाहेर उभे करा, नाहीतर रिंग पडवीतून गडगडत जाते. जुन्या सिलिंडरच्या मागची चपटी पट्टी जपून ठेवा, नव्या सिलिंडरची पट्टी त्याच लांबीला तोडावी लागते. या प्रकारात पिना वरच्या बाजूला असल्याने कचरा स्प्रिंगांत कमी जातो आणि किनाऱ्यावर तो मला त्यामुळेच बरा वाटतो.

नवा सिलिंडर घेताना जुना बरोबर न्या. माप स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळे घ्यायचे असते: ३० आणि ३० असेल तर ६० मिमी, ३५ आणि ३५ असेल तर ७०. जुनी फणसाची, सागाची दारे जाड असतात, त्यामुळे ६० चा सिलिंडर पुष्कळदा आखूड पडतो आणि चावी पट्टीच्या आत खोल घालावी लागते. सिलिंडर पितळेचाच घ्या. स्वस्तातले जस्ताच्या मिश्रधातूचे, वर सोनेरी मुलामा दिलेले असतात आणि समुद्राच्या हवेत त्यांना पांढरी भुकटी सुटते. लोहचुंबकाने ते ओळखता येत नाहीत, कारण चुंबक जस्तालाही लागत नाही. जिभेजवळच्या आतल्या बाजूला खिळ्याने बारीक ओरखडा काढून बघा. खालून पिवळा धातू दिसला तर पितळ, करडा दिसला तर ठेवून द्या. चपट्या, खळगे असलेल्या चावीचे, ज्याला दुकानात कॉम्प्युटर चावी म्हणतात, ते सुरक्षित खरे. पण त्यांतले खळगे माती आणि मिठाला फार लवकर बुजतात. वर्षातले आठ महिने बंद राहणाऱ्या घराला मी साधी दातांची चावी सुचवतो आणि जोडीला आतून अडसर.

सिलिंडरसोबत येणारा लोखंडी स्क्रू वापरू नका. त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा घ्या, मिळाला तर ३१६ प्रतीचा. त्यात मॉलिब्डेनम असते, त्यामुळे तो खाऱ्या हवेत नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेसपेक्षा जास्त टिकतो. बोटींच्या सामानाच्या दुकानांत मिर्‍या, हर्णे, मालवण अशा बंदरांच्या गावी तो विचारून पाहा. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, तेही नसेल तर व्हॅसलीन. पुढच्या वेळी काढणाऱ्याचे निम्मे श्रम वाचतात.

चौकटीतली खाचही या खेपेलाच बघून घ्या, नाहीतर नवा सिलिंडरसुद्धा पुढच्या श्रावणात अडेल. बोल्टच्या टोकाला खडू लावून दार बंद करा, चावी फिरवा आणि उघडून बघा. चौकटीच्या पट्टीवर खडू जिथे उमटला असेल तिथे कानशीने एक-दोन मिमी जागा मोकळी करा. दाराची कड रंध्याने घासायची असेल तर ती आता, पावसात फुगलेली असतानाच घासा, पण अगदी थोडी. डिसेंबरात लाकूड आकसते आणि फट उघडी पडते. घासलेली कड तशीच उघडी ठेवली तर पाणी तिथूनच शिरते. लाकूड कोरडे झाले की तिला रंग किंवा व्हार्निश लावा. वरची आणि खालची कडही विसरू नका, सुतारांकडून ती बहुधा राहून जाते.

परत मुंबईला जाताना बाहेरच्या चावीच्या भोकावर सरकते पितळी झाकण बसवून जा. मिळाले नाही तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरच्या बाजूने एका स्क्रूवर लोंबता ठेवा. कुंभारमाशीला आणि उडत्या तुषारांना तेवढा आडोसा पुरतो. चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पावसात ओघळून आत जातो. घराकडे बघणारे कोणी असेल तर एक चावी त्यांच्यापाशी ठेवा आणि महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंनी कुलूप उघडून लावायला सांगा. सतत वापरातले कुलूप सहसा जाम होत नाही. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी, पीटीएफईचा स्प्रे एकदा मारता आला तर फारच उत्तम.

नवा सिलिंडर बसवला की दार लगेच बंद करू नका. दार उघडे ठेवून सगळ्या चाव्या, दोन्ही बाजूंनी, दोन-दोन फेरे चालवून बघा. बोल्ट पूर्ण बाहेर येतो आणि पूर्ण आत जातो ना, तेही डोळ्यांनी बघा. स्क्रू जास्त आवळला तर सिलिंडर किंचित वाकतो आणि चावी जड जाते. तसे वाटले तर अर्धा फेरा सैल करा, हँडलच्या पट्ट्या बसवा, पुन्हा तपासा. हे सगळे जमले की मगच दार लावायचे, तेही एक माणूस चावी घेऊन आत आणि एक बाहेर ठेवून.